एका प्रश्नाचीं अनेक उत्तरें

(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

ज्या यंत्राच्या द्वारें माझे हे शब्द आपल्या कानांवर पडत आहेत, त्याच यंत्राच्या एका जुन्या अवयवापासून आजच्या बोलण्यास प्रारंभ करतों. पूर्वीं मोटारगाडींत जे रेडिओ बसविलेले असत, त्यांच्या दर्शनीं भागावर चार-पांच बटनांची एक ओळ असे. एकेका बटनास एकेक केंद्र नेमून दिलेलें असे. एक बटन आंत दाबलें कीं आधीं दाबलेलें बटन खटकन् बाहेर उसळे. दोन बटनें एकाच वेळीं आंत राहूं शकत नसत, आणि तें योग्यच होतें. कारण एका वेळीं दोन केंद्रें ऐकण्याची हौस कोणाला असणार? पुढें संगणक आले. त्यांच्या पडद्यावर अनेक पर्यायांतून एकच निवडावयाचा असेल, तेव्हां प्रत्येक पर्यायापुढें एक लहानसें वर्तुळ काढण्याची चाल पडली, आणि त्या वर्तुळाला जुन्या बटनावरून ‘रेडिओ बटन’ हेंच नांव मिळालें. जेथें एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मोकळीक असते, तेथें वर्तुळाऐवजीं चौकोन काढतात. त्याला ‘चेकबॉक्स’ म्हणतात.

वर्तुळ आणि चौकोन, एवढासा हा भेद. त्याविषयीं पंधरा मिनिटें बोलावयाचें म्हणजे राईचा पर्वत करणें होय, असें कोणास वाटल्यास तें स्वाभाविक आहे. परंतु आज ई-लर्निंगचे अभ्यासक्रम घरोघरीं पोंचले आहेत. ‘स्वयम्’ आणि ‘दीक्षा’ हे सरकारी उपक्रम २०१७ सालीं सुरू झाले, तेव्हांपासून शाळेंतील शिक्षक, महाविद्यालयांतील विद्यार्थी, बँकेंतील कारकून, रुग्णालयांतील परिचारिका अशीं किती तरी माणसें धडे पाहून, धड्याच्या शेवटीं येणाऱ्या चार-दोन प्रश्नांचीं उत्तरें देऊन प्रमाणपत्रें मिळवीत आहेत. त्या प्रश्नांपुढें वर्तुळ असावें कीं चौकोन, आणि चौकोन असल्यास गुण कोणत्या हिशेबानें द्यावेत, हें कोणी तरी कोठें तरी बसून ठरविलेलें असतें. असें ठरविणाऱ्यांपैकीं मी एक आहें. या कामांत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें. पांडित्य सांगण्यापेक्षां चुका सांगणें अधिक उपयोगाचें, असा माझा अनुभव आहे.

प्रथम वर्तुळाची बाजू मांडतों, म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाहीं. एकच बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नांचा प्रसार ज्यांनीं केला, त्यांत अमेरिकेंतील फ्रेडरिक केली या शिक्षणशास्त्रज्ञाचें नांव अग्रभागीं येतें. एकाच उत्तरपत्रिकेला निरनिराळे शिक्षक किती निरनिराळे गुण देतात, हें पाहून तो अस्वस्थ झाला होता. यावर उपाय म्हणून १९१४-१५ च्या सुमारास त्यानें कॅन्सस संस्थानांतील मुलांसाठीं मूकवाचनाची एक परीक्षा तयार केली. प्रश्नाचा अर्थ एकच व्हावा आणि उत्तर एक तर पूर्ण बरोबर असावें किंवा पूर्ण चूक असावें, असा त्याचा कटाक्ष होता. गुरुजींच्या लहरीपासून मुलाची सुटका व्हावी, हा त्यामागील हेतु खरोखर न्यायाचा होता, आणि वर्तुळाचें तें ऋण मान्य केलेंच पाहिजे. महाराष्ट्राची राजधानी कोणती, किंवा पाणी किती अंशांवर उकळतें, असें विचारावयाचें असेल तर वर्तुळ पुरेसें आहे.

परंतु ज्ञानाचा एक मोठा भाग असा आहे, कीं तो एका उत्तरांत मावत नाहीं. याचें एक उदाहरण घेतों आणि शेवटपर्यंत तेंच चालवितों.

कांहीं वर्षांपूर्वीं एका संस्थेसाठीं मीं सर्पदंशाविषयींचा एक अभ्यासक्रम लिहिला. तो खेड्यांतील आरोग्यसेविकांनीं, शेतमजुरांनीं आणि शाळामास्तरांनीं मोबाईलवर पाहावयाचा होता. पावसाळा आला कीं शेताच्या बांधावर, गवताच्या गंजींत आणि कित्येकदां घरांत जमिनीवर निजलेल्या माणसाला साप चावतो. पहिल्या घटकेंत जवळच्या माणसांनीं काय केलें, यावर पुष्कळ वेळां त्या जिवाचें भवितव्य ठरतें. त्या अभ्यासक्रमांत माझा पहिला प्रश्न असा होता: ‘साप चावल्यास काय करावें?’ त्याखालीं चार वर्तुळें होतीं: मांत्रिकाकडे न्यावें, घरगुती औषध द्यावें, वाट पाहावी, रुग्णालयांत न्यावें.

प्रश्न अगदीं निर्दोष दिसत होता. सर्वांनीं ‘रुग्णालयांत न्यावें’ या वर्तुळावर बोट ठेवलें आणि सर्वांस पूर्ण गुण मिळाले. मी मनांतून सुखावलों. पुढें एकदां प्रत्यक्ष त्या गांवीं जाण्याचा योग आला. पूर्ण गुण मिळविलेल्या एका गृहस्थांना मीं सहज विचारलें, ‘समजा, आतांच कोणाला साप चावला, तर तुम्ही काय काय कराल?’ ते म्हणाले, ‘आधी दोरी घेऊन चांगलं आवळून बांधायचं, मग जरा चीर देऊन रक्त वाहू द्यायचं, मग लगेच जीपगाडीत घालून दवाखान्यात न्यायचं.’

श्रोतेहो, या माणसानें माझ्या प्रश्नाचें उत्तर बरोबरच दिलें होतें. तो रोग्याला रुग्णालयांत नेणारच होता. परंतु जातांना घट्ट दोरी आवळून आणि जखमेवर चीर देऊन नेणार होता; आणि या दोन्ही गोष्टी घातक आहेत. दोरी आवळल्यानें रक्तप्रवाह बंद पडून हातपाय निकामी होण्याचें भय असतें. घोणस किंवा फुरसें चावलें असेल तर त्या विषानें रक्त गोठण्याची शक्ति नष्ट होते, आणि मग दिलेली चीर वाहतच राहते. हें सर्व त्या गृहस्थांच्या मनांत होतें. पण माझ्या वर्तुळानें त्यांना एकच गोष्ट सांगण्याची मुभा दिली होती. एक बटन दाबलें कीं बाकीचीं बाहेर! त्यांचें अज्ञान मीं विचारलेंच नाहीं, म्हणून तें मला दिसलें नाहीं.

त्या रात्रीं मीं तो प्रश्न पुन्हां लिहिला. ‘साप चावल्यास पुढीलपैकीं कोणत्या गोष्टी कराव्यात? ज्या ज्या योग्य वाटतील त्या सर्वांवर खूण करा.’ खालीं सात चौकोन: रोग्याला धीर देऊन स्वस्थ ठेवावें, दंश झालेला अवयव हलूं देऊं नये, दंशाच्या वर दोरीनें घट्ट आवळावें, जखमेवर चीर द्यावी, अंगठ्या, बांगड्या, जोडवीं उतरवावीं, साप मारून बरोबर न्यावा, विलंब न करतां रुग्णालय गांठावें. यांत चार विधानें बरोबर आहेत आणि तीन चूक आहेत. अंगावर सूज चढूं लागली कीं अंगठी रुतते, म्हणून ती आधींच उतरवावयाची. साप मारून नेण्याची मात्र कांहीं गरज नसते. आपल्याकडे मिळणारें प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसें या चारहि जातींच्या विषावर चालेल असेंच बनविलेलें असतें, आणि सापामागें धांवण्यांत वेळ जाऊन दुसऱ्यालाहि दंश होण्याची भीति असते. या नव्या प्रश्नानें ज्याच्या त्याच्या मनांतील खरें चित्र माझ्यापुढें उभें राहूं लागलें. दोरीवर किती तरी जणांनीं खूण केली.

येथपर्यंत चौकोनाची स्तुति झाली. आतां त्याची दुसरी बाजू ऐका. कारण चौकोन काढणें सोपें आहे, त्याला गुण देणें अवघड आहे.

त्याच अभ्यासक्रमांत साप ओळखण्यासंबंधीं एक प्रश्न होता: ‘पुढीलपैकीं विषारी साप कोणते?’ सहा नांवें आणि सहा चित्रें दिलेलीं होतीं: नाग, धामण, मण्यार, कवड्या, घोणस आणि फुरसें. यांतील चार विषारी. धामण आणि कवड्या हे बिनविषारी. मीं हिशेब असा केला कीं चार बरोबर उत्तरें आहेत, तेव्हां प्रत्येकास पंचवीस गुण द्यावेत. हें ऐकून आपणांपैकीं कांहीं जणांच्या ध्यानांत माझी चूक आलीच असेल. एका शेतकऱ्यानें सहाच्या सहा चौकोनांवर खूण केली आणि त्याला शंभर गुण मिळाले. चुकीच्या खुणेबद्दल मीं कांहींच वजा केलें नव्हतें. ज्या प्रश्नांत सर्वांवर बोट ठेवणाराहि सर्वज्ञ ठरतो, तो प्रश्न नव्हे.

मग मीं दुसऱ्या टोंकाला गेलों. सगळीं उत्तरें अचूक आलीं तर शंभर, नाहीं तर शून्य. हिशेब चोख, वादाला जागा नाहीं. तो नियम लागू होऊन थोडे दिवस झाले असतील, तोंच एका आरोग्यसेविकेचा फोन आला. तिनें नाग, मण्यार आणि घोणस हे तीन बरोबर ओळखले होते, धामण आणि कवड्या यांना हात लावला नव्हता. फक्त फुरसें राहिलें होतें. ती म्हणाली, ‘सर, तीन तर मी ओळखले होते ना? मग ते तीन गेले कुठं?’

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. जिनें तीन साप ओळखले ती, आणि जिनें धामणीखेरीज कशावरच खूण केली नाहीं ती, अशा दोघींना मीं एकाच पंक्तीला बसविलें होतें. शून्य हा आंकडा फार बोलका असतो. ‘तुला कांहींच येत नाहीं,’ असें तो सांगतो. आणि तें खोटें असलें तर शिकणाराचा पुढील धड्यावरचा विश्वास उडतो.

तेव्हां तिसरा मार्ग शोधला, आणि तो नवीन नव्हता. ऑस्ट्रेलियांतील मार्टिन डुजियामास यानें सुरू केलेली ‘मूडल’ नांवाची जी शैक्षणिक संगणकप्रणाली २००२ पासून जगभर वापरांत आहे, तिच्यांत प्रत्येक चौकोनाला अधिक किंवा उणे असा शेंकडा ठरवून देण्याची सोय आहे. आमच्या प्रश्नांत चार बरोबर उत्तरांना प्रत्येकीं अधिक पंचवीस, आणि दोन चुकीच्या उत्तरांना प्रत्येकीं उणे पन्नास असा हिशेब धरला. सर्वांवर खूण करणाराची बेरीज शंभर आणि वजाबाकी शंभर, हातीं शून्य. कशावरच खूण न करणाराहि शून्यावर. तीन ओळखणारी आरोग्यसेविका पंचाहत्तरांवर. चार ओळखून कवड्यालाहि विषारी म्हणणारा पन्नासांवर. शेवटची बेरीज शून्याच्या खालीं जाऊं द्यावयाची नाहीं, म्हणजे झालें. अंकगणिताच्या दृष्टीनें हा हिशेब मला निर्दोष वाटला.

आणि नेमका याच वेळीं तो सर्व चौकोनांवर खूण करणारा शेतकरी मला पुन्हां भेटला. या खेपेस त्याला शून्य मिळालें होतें. पण तो रागावला नव्हता. तो म्हणाला, ‘सर, अंधारात साप चावला तर तो धामण आहे का मण्यार, हे बघत बसायचं का? मी सगळेच विषारी धरतो आणि दवाखाना गाठतो. तुमच्या धड्यातच तसं सांगितलंय.’

त्याचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. दंश झाल्यावर साप ओळखीत बसूं नये, हेंच मीं शिकविलें होतें. मण्यार जातीच्या सापाचा दंश पुष्कळदां रात्रीं झोपेंत होतो, तेथें फारशी सूज नसते, वेदनाहि नसते, आणि ‘कांहीं तरी किरकोळ चावलें’ म्हणून माणूस पुन्हां निजतो. तेथें संशय घेणें हेंच शहाणपण. अशा माणसाला मीं शून्य दिलें, कारण माझी बेरीज चोख होती! चूक अंकगणितांत नव्हती. चूक प्रश्नांतच होती. मीं प्रसंग न सांगतां नुसतीं नांवें विचारलीं होतीं. दंश झाल्यावर करावयाचा विचार वेगळा, आणि शेतांत दिसलेला साप मारावा कीं सोडून द्यावा हा विचार वेगळा. पहिल्या प्रसंगीं कवड्याला विषारी समजणाराचें फार तर एका फेरीचें भाडें जाईल, पण मण्यारीला कवड्या समजणाराचा प्राण जाईल. दुसऱ्या प्रसंगीं मात्र ‘सगळेच विषारी’ म्हणणारा माणूस उंदीर खाणारी धामण विनाकारण ठेंचील. एकाच खुणेचें मोल प्रसंगाप्रमाणें बदलतें.

श्रोतेहो, या विषयांत मला जें एक सांगावयाचें आहे तें हेंच. अनेक उत्तरांच्या प्रश्नांत चुका दोन प्रकारच्या होतात. जें घ्यावयास हवें होतें तें सोडलें, ही एक. आणि जें सोडावयास हवें होतें तें घेतलें, ही दुसरी. एक बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नांत या दोन्ही चुका नेहमीं जोडीनें होतात, म्हणून तेथें हा भेद दिसत नाहीं. चौकोन काढला कीं त्या वेगळ्या होतात. त्या दोहोंतील कोणती चूक अधिक महाग पडते, हें प्रश्न लिहिण्याच्या आधीं ठरविलें पाहिजे. आणि तें पुस्तकांत पाहून ठरत नाहीं, शिकणारा माणूस उद्यां त्या ज्ञानाचें काय करणार आहे तें पाहून ठरतें. विषारी साप ओळखण्यांत सोडणें महाग. प्रथमोपचारांत दोरी आणि चीर घेणें महाग. दोघांना एकच तराजू लावणें म्हणजे सोनें आणि कडबा एकाच वजनानें तोलण्यासारखें आहे.

आपल्या देशांतील मोठ्या परीक्षांनीं या बाबतींत निरनिराळे मार्ग पत्करले आहेत, आणि त्यांचा हेतु ध्यानीं घेतला म्हणजे ते समजतात. आय. आय. टी.च्या प्रवेशासाठीं होणाऱ्या जेईई ॲडव्हान्स्ड या परीक्षेंत, उदाहरणार्थ २०२३ सालीं, अशा प्रश्नांना पूर्ण उत्तराबद्दल ४ गुण होते. चारहि पर्याय बरोबर असतां तीनच निवडले तर ३, तीन किंवा अधिक बरोबर असतां दोनच बरोबर निवडले तर २, दोन किंवा अधिक बरोबर असतां एकच बरोबर निवडला तर १. आणि एक जरी चुकीची खूण झाली तरी उणे २. म्हणजे सोडण्याला क्षमा, पण चुकीचें घेण्याला शिक्षा. जेवढें ठाऊक आहे तेवढेंच बोला, असा तो दंडक आहे. उलट ‘गेट’ या परीक्षेंत २०२१ पासून असे प्रश्न आले, तेव्हां पूर्ण उत्तर आलें तरच गुण, अर्धवटाला कांहीं नाहीं, परंतु चुकीला वजाबाकीहि नाहीं, असा नियम झाला. चार पर्यायांतून एक किंवा अधिक निवडण्याचे एकंदर १५ प्रकार होतात, म्हणून डोळे मिटून मारलेला खडा लागण्याचा संभव चारांत एक न राहतां पंधरांत एक होतो. वजाबाकीची निकड तितकी कमी होते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या पूर्वपरीक्षेंत वेगळी युक्ति बरीच दिसली: कांहीं विधानें देऊन ‘यांतील किती बरोबर आहेत?’ असें विचारावयाचें. उत्तर ‘केवळ एक’, ‘केवळ दोन’, ‘तिन्ही’ किंवा ‘एकहि नाहीं’. यामुळें एक विधान चूक आहे एवढ्यावरून बाकीचे पर्याय गाळीत जाण्याची पळवाट बंद झाली. परंतु तीत एक गंमत आहे. ज्यानें बरोबर विधान चूक मानलें आणि चूक विधान बरोबर मानलें, त्याची संख्या तीच येते. दोन चुका परस्परांना झांकतात. लाखो उमेदवारांतून थोडे निवडावयाचे असतील तेथें हें चालेलहि. शिकविण्याच्या कामीं मात्र असा प्रश्न उपयोगाचा नाहीं, कारण त्यांत चूक उघडी पडण्याऐवजीं दडून बसते.

परीक्षा निवडते, अभ्यासक्रमानें शिकवावयाचें असतें. म्हणून परीक्षेचे नियम जसेच्या तसे उचलून अभ्यासक्रमांत घालूं नयेत. मग त्या आरोग्यसेविकेचें काय करावयाचें? पंचाहत्तर गुण देऊन ‘उत्तीर्ण’ म्हणावयाचें काय? तेंहि बरोबर नव्हे. कारण पाऊण वांचलेला रोगी जगांत नसतो. कोंकणांत फुरसें पुष्कळ आहे, आणि तें आकारानें लहान असल्यामुळें लोक त्याला क्षुल्लक लेखतात. म्हणून अखेर मीं गुण आणि उत्तीर्ण होणें या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. तिचे पंचाहत्तर गुण तिच्याजवळच राहिले. पण फुरशाचा तेवढा धडा तिच्यापुढें पुन्हां आला आणि थोड्या वेळानें नव्या चित्रांसह तोच प्रश्न. पुऱ्या चार साप ओळखल्यावांचून पुढचें दार उघडावयाचें नाहीं. तिच्या ज्ञानाचा मान राहिला आणि रोग्याच्या जिवाशींहि तडजोड झाली नाहीं.

आतां असे प्रश्न लिहितांना संभाळावयाच्या कांहीं लहान गोष्टी थोडक्यांत सांगतों. एकाहून अधिक उत्तरें बरोबर असूं शकतात, हें प्रश्नांतच स्वच्छ लिहावें. नुसता चौकोन पाहून तें सर्वांनाच उमगतें असें नाहीं, आणि नवख्या माणसाला एक खूण करून थांबण्याची शाळेपासूनची संवय असते. ‘कोणतीं चार’ असा आंकडा सांगावा कीं नाहीं? सहा पर्यायांतून आंकडा न सांगतां एक किंवा अधिक निवडण्याचे ६३ प्रकार आहेत. ‘चार निवडा’ म्हटलें कीं ते १५ वर येतात. म्हणून सरावाच्या वेळीं आंकडा सांगावा, शेवटच्या पारखीच्या वेळीं सांगूं नये. प्रत्येक विधान आपल्यापुरतें खरें किंवा खोटें असावें. ‘पाय हलवूं नये आणि वर घट्ट बांधावा’ असें अर्धें खरें, अर्धें खोटें विधान लिहिणें ही लबाडी आहे. ‘वरील सर्व’ हा पर्याय चौकोनांत कधींच घालूं नये. वरील सर्वांवर खूण करून पुन्हां त्याच्यावरहि खूण करावी कीं काय, या विचारांत बिचारा उमेदवार साप विसरून जातो. बरोबर विधानें लांबलचक आणि चुकीचीं तोकडीं, किंवा चुकीच्या विधानांतच ‘नेहमीं’ आणि ‘कधींच’ हे शब्द, असें झालें तर हुषार मुलगा विषय न वाचतांहि उत्तर ओळखतो.

आणि चुकीचे पर्याय घरीं बसून कल्पनेनें रचूं नयेत. ते लोकांच्या तोंडून गोळा करावेत. विष चढलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं कडुनिंबाचा पाला चावावयास देण्याची समजूत मला पुस्तकांतून सुचली नसती. जी चूक कोणीच करीत नाहीं ती पर्याय म्हणून ठेवणें, म्हणजे रिकाम्या खुर्चीला परीक्षेस बसविणें होय.

यांत एक धोकाहि आहे. आपण खोटें विधान नीटनेटकें छापून माणसापुढें ठेवतों, तेव्हां तें त्याच्या स्मरणांत राहतें. हेन्री रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं २००५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असें आढळलें, कीं बहुपर्यायी चांचणी दिल्यानें पुढील स्मरण सुधारतें खरें, पण चांचणींत निवडलेले चुकीचे पर्याय पुढें खरीं उत्तरें म्हणूनहि सांगितले जातात. आणि पर्याय जितके अधिक, तितका हा दोष अधिक. पुढें २००८ सालीं बटलर आणि रोडिगर यांनीं दाखविलें, कीं उत्तरानंतर बरोबर काय तें सांगितलें तर हा दोष पुष्कळ कमी होतो. म्हणून माझा आतां नियम असा आहे, कीं चौकोन सात असतील तर खुलासेहि सात लिहावयाचे. ‘चूक’ एवढा लाल शब्द पुरत नाहीं. कवड्यावर खूण करणाराला सांगावें: कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे शेपटीकडे ठळक असून डोक्याकडे विरळ होतात, आणि एवढें करून संशय राहिला तर मण्यारच समजावें. दोरीवर खूण करणाराला, दोरी का नको, तें दोन वाक्यांत सांगावें. त्या गृहस्थांनीं दोरी दुष्टपणानें सांगितली नव्हती. त्यांच्या वडिलांनीं त्यांना तेंच शिकविलें होतें. अशा माणसाला ‘उणे पन्नास’ म्हणून परत पाठवणें म्हणजे दोरी त्याच्याच हातीं ठेवणें होय.

श्रोतेहो, आपल्या घरांतील मुलेंमुली, कदाचित् आपण स्वतःहि, असे प्रश्न सोडवीत असाल. मूल गुण घेऊन आलें कीं ‘किती मिळाले?’ असें आपण विचारतों. यापुढें आणखी दोन प्रश्न विचारून पाहा: ‘कोणतें सुटलें?’ आणि ‘कोणतें जास्तीचें घेतलेंस?’ पंचाहत्तर गुणांच्या दोन मुलांचीं या प्रश्नांचीं उत्तरें अगदीं निराळीं येतील. एकाला थोडें अधिक वाचावयास सांगावें लागेल, तर दुसऱ्याला मनांत घट्ट बसलेलें कांहीं तरी काढून टाकावयास मदत करावी लागेल; आणि हें दुसरें काम अधिक अवघड आहे.

जुन्या रेडिओचें एक बटन दाबलें कीं दुसरें वर येई. केंद्रांच्या बाबतींत तें ठीक होतें. पण रोग्याला रुग्णालयांत नेण्याचें ठाऊक झालें, म्हणून दोरी आवळण्याची समजूत आपोआप बाहेर पडत नाहीं. दोन्ही एकाच मनांत शेजारीं शेजारीं बसून राहतात. त्या दोन्ही दिसाव्यात म्हणून चौकोन काढावयाचे. त्यानंतर त्या गांवांतील गृहस्थांनीं तो नवा प्रश्न पुन्हां सोडविला. दोरीवर त्यांनीं पहिल्या खेपेस खूण केली, दुसऱ्या खेपेसहि केली. तिसऱ्या खेपेस तो चौकोन त्यांनीं रिकामा सोडला. या रिकाम्या चौकोनाइतकें समाधान मला दुसऱ्या कोणत्याहि उत्तरानें दिलेलें नाहीं.